बाजूनं बघणारे डॉक्टर सबनीस

डॉक्टर सबनीसांनी या भागाला श्वास घ्यायला शिकवलं.

हे वाक्य माझं नाही. साकोलीच्या ज्या धर्मादाय दवाखान्यात डॉक्टरांची उमेदीची वर्षं गेली, त्याच्या अध्यक्षांचं आहे. निरोपाच्या सभेत शाल घालता घालता त्यांनी ते दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. त्याआधीही इथले लोक श्वास घेत होते, काही तर सत्तर-ऐंशी वर्षं घेत होते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरांचं भाषणाकडे लक्ष नव्हतं. ते मान वळवून शेजारच्या बँक मॅनेजरचं नाक बघत होते.

ती त्यांची सवयच होती. माणसाकडे ते समोरून बघतच नसत. बोलता बोलता हळूच सरकत, तुमच्या कानाच्या बाजूला येऊन उभे राहत आणि तिथून कपाळ, नाक, ओठ, हनुवटी अशी रेघ वरून खाली वाचत. नव्या माणसाला वाटे, डॉक्टरांना याच्या कानात काही सांगायचंय. मी त्यांच्या समोरच्या घरात राहत होतो, शाळेत मराठी शिकवत होतो, तरी पहिलं वर्षभर रस्त्यात समोरून आलो तर ते मला ओळखत नसत. बाजूनं गेलो की लगेच हाक येई, “काय मास्तर!”

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते आले. नाक-कान-घशाचा डॉक्टर ही चीज साकोलीनं तोवर पाहिलेली नव्हती. लोकांचा अंदाज होता की या तीन गोष्टींसाठी वेगळा डॉक्टर लागत असेल तर पुढे गुडघ्यासाठीही येईल. त्यांचं सगळ्यात आवडतं हत्यार म्हणजे स्टीलची एक छोटी चकचकीत पट्टी. ती थंड पाण्यात बुडवून, पुसून, ते पोराच्या नाकाखाली धरत. पोरगं श्वास सोडी आणि पट्टीवर वाफेचे दोन ठिपके उमटत. दोन्ही सारखे असले तर नाक मोकळं. एक मोठा, एक बारीक असला तर आत मधला पडदा वाकडा. पोरांना हा खेळ फार आवडे. आईबापांना आवडत नसे, कारण खेळ झाल्यावर डॉक्टर औषध देत नसत.

“पडदा वाकडा आहे,” ते सांगत. “सतरा वर्षांचा झाला की आणा.”

“अन् आता किती वर्साचा हाये?” एकदा एका बापानं मलाच विचारलं. मी बाकावर बसलो होतो.

“तुमचं पोरगं, मला काय विचारता?”

“आठ वर्साचा हाये जी. म्हंजे नऊ वर्स यानं तोंड उघडं ठेवूनच फिराचं का? माश्या जातीन नं!”

“जाऊ देत,” आतून डॉक्टर म्हणाले. “माशी बाहेर काढता येते.”

बाप निघून गेला. बाहेर जाऊन त्यानं सगळ्यांना सांगितलं की हा डॉक्टर पट्टी धरते अन् तारीख देते, कोर्टासारखा.

डॉक्टर असे का होते, हे साकोलीत दोघा-तिघांनाच माहीत होतं. मला माहीत असण्याचं कारण एवढंच की त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे, म्हणून त्यांचं मोजमापाचं रजिस्टर मी लिहीत असे. त्या रजिस्टरवर एकच नाव होतं. वनिता, मुक्काम दिघोरी.

वनिता पाच वर्षांची असताना तान्ह्या पोळ्याला पडली. त्या दिवशी पोरं लाकडी नंदीबैल सजवून ओढत नेतात. नंदी भावाचा होता, पण ओढायचा तिला होता. तिनं दोरी हिसकली, नंदी उलटला आणि ती तोंडघशी त्याच्या शिंगांवर पडली. नाक सुजलं, मग उतरलं, पण श्वास बंद. रात्री घशातून अशी घरघर की आजूबाजूची घरंही झोपेनात. बापानं, केशवनं, तिला बैलगाडीत घालून साकोलीला आणलं.

डॉक्टरांना येऊन तेव्हा सहा महिने झाले होते. पट्टीवर एकही ठिपका उमटेना. ते शिकले होते त्याप्रमाणे त्यांनी ऑपरेशन केलं. नाकाच्या मधोमध जो पडदा असतो, त्याचा पुढचा भाग हाडाचा नसतो, कूर्चेचा असतो, कान वाकवला की वाकतो त्या जातीचा. तो मोडून वाकला होता. डॉक्टरांनी वाकडी कूर्चा काढून टाकली. चौथ्या दिवशी पट्टीवर दोन ठिपके आले, दोन्ही सारखे. केशवनं आनंदानं चिन्नोर तांदळाचं पोतं आणून टाकलं. अध्यक्षांनी डॉक्टरांचा सत्कार केला. डॉक्टर मला म्हणायचे, “मास्तर, आयुष्यात मी एवढं स्वच्छ ऑपरेशन पुन्हा केलं नाही.”

पाच वर्षांनी कान फुटला म्हणून केशव पोरीला पुन्हा घेऊन आला. डॉक्टरांनी कान बघायला तिला बाजूला वळवलं आणि कान बघायचाच विसरले.

पोरगी दहा वर्षांची झाली होती. नाक पाचच वर्षांचं होतं.

नुसतं नाक नव्हे. नाकाचा कणा मध्ये खचला होता, वरचा जबडा मागे राहिला होता, खालचा नेमानं पुढे आला होता, आणि चेहऱ्याचा मधला भाग बशीसारखा आत गेला होता. कपाळ वाढलं, हनुवटी वाढली, मधलं राहून गेलं. डॉक्टरांनी नागपूरला आपल्या जुन्या प्राध्यापकांना लिहिलं. उत्तर आलं की लहानपणी ती कूर्चाच वाढता वाढता चेहऱ्याला पुढे ढकलत असते असं आता बरेच जण मानतात, म्हणून मुलांच्या पडद्याला शक्यतो हात लावू नये. खाली आणखी एक ओळ होती. मार इतका जबर असेल तर ऑपरेशन न करताही चेहरा असाच राहिला असता, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

अध्यक्षांना ही शेवटची ओळ फार आवडली. “बघा, म्हंजे आपला काही दोष नाही,” ते म्हणाले. डॉक्टरांना ती ओळ सगळ्यात जास्त छळत राहिली. “दोष माझा की नंदीचा, हे कळायला मला आणखी एक वनिता पाहिजे,” ते म्हणत. “तशीच पडलेली, पण मी हात न लावलेली. ती कुठे आहे?”

कुठेच नव्हती. मग त्यांनी जी होती तिलाच मोजायला घेतलं.

त्यांचा बेत साधा होता. चेहऱ्याची वाढ पूर्ण थांबली की वनिताच्या बरगडीतली थोडी कूर्चा काढून नाकाचा कणा उभा करायचा. जबडा काही पुढे येणार नव्हता, पण नाक येणार होतं. आधी केलं तर भोवतालचा चेहरा वाढत राहणार आणि नवं नाक पुन्हा मागे पडणार. वाढ थांबली हे ओळखायचं कसं? दरवर्षी चेहऱ्याचा साचा घ्यायचा. लागोपाठ दोन वर्षांचे चेहरे कंपासाखाली सारखे भरले की थांबली.

साचा घेणं त्यांना गावातल्या एका गणपती करणाऱ्यानं शिकवलं. दिवाळी होऊन धान निघालं की केशव पोरीला घेऊन येई. वनिताला टेबलावर निजवत, तोंडाला खोबरेल तेल चोपडत, भुवयांवर कापसाच्या पट्ट्या, नाकपुड्यांत सलाईनच्या नळीचे दोन तुकडे, आणि वर हाड बसवायचं प्लास्टर. पाव तास हलायचं नाही. डॉक्टर तेवढा वेळ तिला काहीबाही सांगत बसत. एरवी मुका माणूस, पण जिला उत्तर देता येत नाही तिच्याशी छान बोलत. प्लास्टर निघालं की ती साठवलेलं सगळं एकदम बोले.

“डॉक्टरसायेब, मी सातवीत आली. नाक अजून बालवाडीतच हाये का जी?”

“हो. नापास होतंय.”

“अन् नवं नाक कायचं करसान?”

“तुझ्या बरगडीचं.”

“बाप्पा! मंग बरगडी कोठून आनसान?”

“चोवीस आहेत. एकीतली थोडी गेली तरी चालतं.”

“पाहा हं. माहं नाक गेलं तवाबी तुमी चालते म्हनले होते.”

डॉक्टर हातावरचं प्लास्टर खरवडत. मी रजिस्टरमध्ये मान घालत असे. ती हे टोचून म्हणत नव्हती. तिला खरंच ते विनोदी वाटत होतं, आणि तेच ऐकवत नसे.

शाळेत पोरं तिला काय म्हणत हे तिनं कधी सांगितलं नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पदराचा कोपरा दातात धरायची सवय लागली, म्हणजे पदर आपोआप नाकावरून जाई. दर वर्षी साच्यातून पांढरा चेहरा काढून डॉक्टर आपल्या खोलीतल्या फळीवर ठेवत. दहाव्या वर्षाचा, अकराव्या, बाराव्या, असे सहा झाले. डोळे मिटलेली एकच मुलगी, डावीकडून उजवीकडे मोठी होत गेलेली. पाचवा आणि सहावा चेहरा जवळजवळ सारखे भरले. सातवाही तसाच भरला की वर्षभरानं ऑपरेशन. मी डॉक्टरांना शीळ घालताना त्याच दिवसांत पहिल्यांदा ऐकलं. त्यांना सूर नव्हता.

आणि सातव्या साच्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मंत्री आले.

मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी आठवडाभर चुना लागत होता. मोतीराम नावाचा शिपाई होता. स्वच्छ मनाचा आणि अतिशय आदरशील. सगळ्या तसबिरींना हार घालायची जबाबदारी त्याच्यावर होती. डॉक्टरांची खोली पुसताना त्याला फळीवर सहा पांढरे, डोळे मिटलेले, गंभीर चेहरे दिसले. अशा चेहऱ्यांचं काय करतात हे त्याला माहीत होतं. त्यानं सहाही चेहऱ्यांना झेंडूचे हार घातले, कपाळाला कुंकू लावलं आणि पुढे उदबत्ती खोचली.

मंत्री खोलीत आले, थबकले आणि चप्पल काढून त्यांनी हात जोडले. मागची पंचवीस माणसं हात जोडून उभी राहिली.

“हे कोण?” मंत्र्यांनी हळूच विचारलं.

अध्यक्षांना माहीत नव्हतं, पण अध्यक्षांना माहीत नाही असं आजवर घडलेलं नव्हतं. “संस्थापक,” ते म्हणाले.

“सहाही?”

“भाऊ भाऊ होते.”

डॉक्टर त्या वेळी वॉर्डात होते. संध्याकाळी मोतीरामनं हे सगळं भक्तिभावानं सांगितलं तेव्हा मीही तिथे होतो. आम्ही दोघं इतके हसलो की डॉक्टरांना खुर्चीत बसावं लागलं. मोतीराम हार काढायला गेला तर डॉक्टर म्हणाले, “राहू दे रे. संस्थापकांना एक रात्र मिळू दे.” मीही म्हणालो, राहू दे. थाटामाटाची टर उडवायची संधी आम्ही दोघं सहसा सोडत नसू.

सकाळी केशव, वनिता आणि तिची माय पहिल्याच गाडीनं आले. माय आजवर कधी आली नव्हती. लेकीचं नाक आता होणार म्हणून या वेळी मुद्दाम आली होती. डॉक्टर अजून घरी दाढी करत होते. मोतीरामनं ओळखीच्या माणसांना खोलीत बसवलं.

ओरडणं मला माझ्या ओट्यावर ऐकू आलं. मी धावत गेलो, माझ्यामागे अर्ध्या गालाला साबण असलेले डॉक्टर. वनिताची माय फळीपुढे उभी होती. जिवंत माणसाच्या फोटोला आपल्याकडे हार घालत नाहीत. इथे तिच्या मुलीला सहा वेळा घातला होता.

“माह्या पोट्टीले हार कोनं घातला? जित्ती हाये नं थे! कोनं घातला?”

“माय, मी अठी उभी हावो,” वनिता तिचा दंड धरून म्हणत होती. “पाय नं माह्याकडं. प्लास्टर हाये थे.”

“चूप राय! डोये मिटवले तुहे! अगरबत्ती लावली!”

डॉक्टरांनी समजावलं. मंत्री आले होते, शिपायाची चूक झाली, हे नुसतं माप आहे. सगळं खरं होतं. मग तिनं विचारलं, “अन् तुमी काढले काहून नाई?” याचं खरं उत्तर आम्हा दोघांजवळ होतं आणि ते देण्यासारखं नव्हतं. माय लेकीला ओढत घेऊन गेली. सातवा साचा झाला नाही.

पंधरा दिवसांनी वनिताला थंडीताप आला. त्या मोसमात दिघोरीत घरटी एक माणूस हिवतापानं पडत असे, पण बाकीच्यांना हार घातलेला नव्हता. डॉक्टर गोळ्या घेऊन गेले. मलाही सोबत नेलं. केशवनं खाट टाकली, पाणी दिलं, गोळ्या ठेवून घेतल्या. तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

“डॉक्टरसायेब,” तो म्हणाला, “आमी तुमाले एक पोरगी देल्ली होती. तुमी तिच्या सहा केल्या, अन् सहाहीले हार घातले.”

डॉक्टर खाटेच्या काठाकडे बघत बसले.

“थे तोंडं वैनगंगेत शिरवून टाका. मंग पाहू.”

सहा वर्षांचं काम होतं ते. जिल्ह्यातच काय, कुठेही एका मुलाचा चेहरा असा ओळीनं ठेवलेला डॉक्टरांच्या ऐकिवात नव्हता. मी वाटेत म्हणालो, फोटो तरी काढून ठेवा. ते म्हणाले, “पुन्हा फोटो?” पुढच्या आठवड्यात आम्ही कारध्याला उतरलो, पुलाखाली गेलो, आणि पोत्यातून एकेक चेहरा काढून पाण्यात सोडला. पोकळ असल्यानं ते लगेच बुडेनात. वर तोंड करून तरंगत राहिले. जाळं टाकून बसलेला एक ढिवर हे बघत होता.

“कोनते देव हायेत जी?”

“देव नाहीत.”

“मंग कायले शिरवून राहिले?”

थोड्या वेळानं जाळ्यात एक आला. ढिवरानं तो काढून, पाणी निथळून, दोन्ही हातांनी डॉक्टरांना परत दिला. “हे वापस येऊन राहिलं,” तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला बाजूनं एकदा बघितलं. “तेरावं वर्ष,” ते मला म्हणाले, आणि पाण्याखाली दाबून धरला.

ताप उतरला. माय मात्र लेकीला पुन्हा धाडायला तयार नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडाशी केशव एकटाच आला, लग्नपत्रिका घेऊन. मुलगा बिजवर होता, पहिलीची दोन लेकरं होती. वनिताला सतरा पूर्ण व्हायला काही महिने होते.

“एक वर्ष थांबा,” डॉक्टर म्हणाले. मी त्यांना कोणाला विनवताना तेवढंच पाहिलं.

“थांबलो असतो जी. हे स्थळ थांबत नाई. नाक झाल्यावर याच्याहून बरं स्थळ येईन, असं लिहून देता का?”

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. खोटं लिहिणं त्यांना जमत नसे, आणि ऑपरेशन नक्की जमेल हेही त्यांनी कधी कोणाला सांगितलेलं नव्हतं. केशवनं पत्रिका टेबलावर ठेवली. मग राम राम करून गेला.

लग्नाला डॉक्टर गेले. वनिता अंतरपाटामागे होती, मुंडावळ्या होत्या, पदर होता. बाजूनं काही दिसलं नाही.

त्यानंतर डॉक्टरांनी कोणाचा साचा घेतला नाही. प्लास्टर हातपाय मोडलेल्यांच्या कामी आलं. पट्टी, दोन ठिपके आणि “सतरा वर्षांचा झाला की आणा” एवढं चालू राहिलं. पुढे पुढे ऐकू येई की मोठ्या शहरांत आता मुलांच्या पडद्यावर जपून, कूर्चा न काढता, ती सरळ करून परत बसवून ऑपरेशनं करतात. डॉक्टर ते वाचत, घडी घालून ठेवत, म्हणत, “दहा वर्षांनी कळेल.” सतरा पूर्ण करून परत आलेले पेशंट मला तीनच आठवतात. बाकीच्यांनी श्वास कसा चालवला, त्यांचं त्यांना माहीत.

निरोपसमारंभाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टँडवर नागपूरच्या गाडीला पोचवायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी. सभेला दोनशे माणसं होती. स्टँडवर मी एकटा. आणि तेवढ्यात समोरून वनिता आली. काखेत वर्षाचं पोरगं, पदर दातात. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे ओळखलं नाही. ती वळली तसे चटकन उठून उभे राहिले.

“डॉक्टरसायेब! बरं झालं भेटले. याचं पाहा नं जरा. नाक बरोबर हाये का जी?”

डॉक्टरांनी पोराची हनुवटी दोन बोटांत धरली, त्याला वळवलं आणि बाजूनं बघितलं. फार वेळ बघितलं. पोरगं कंटाळून हातपाय झाडायला लागलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “पडू देऊ नको.” मग म्हणाले, “तुझं वय किती झालं?”

“बावीस असन.”

“आता करता येईल. मी नाही, पण नागपूरला माझे ओळखीचे आहेत. चिठ्ठी देतो.” ते खिशात कागद शोधू लागले.

वनिता हसली. पदर दातातून सुटला. “आता कायले जी? हा मले याच तोंडानं ओयखते. बदललं तं रडन थो.”

डॉक्टरांच्या हातात कागद आला होता. त्यांनी त्याची घडी घातली, आणखी एक घातली, आणि तो परत खिशात ठेवला.

एवढ्या वर्षांत ती आज त्यांना निरोप द्यायला आली याचं मला बरं वाटलं होतं. तेवढ्यात लाखांदूरची गाडी लागली. वनिता पोराला काखेत मारून धावली, खिडकीतून आत पिशवी टाकून तिनं जागा धरली आणि गर्दीत शिरली. मग माझ्या लक्षात आलं की डॉक्टर साकोली सोडून चाललेत, हे आम्ही तिला सांगितलंच नव्हतं. ती लाखांदूरच्या गाडीसाठी आली होती.

नागपूरची गाडी पाऊण तास उशिरा आली.